ट्रॉलीत काय, पिशवीत काय



दसरा झाला की आपल्या भागात एकच घाई उडते. मुकादमाचा निरोप येतो, ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि बीड, जालना, परभणीच्या वाड्या-वस्त्यांवरून, पाथर्डी-शेवगावच्या तांड्यांवरून बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. पाच-सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत बसवायचा असतो, आणि तो बसवायचं काम आपणा बायांचंच असतं. आम्ही बचतगटातल्या बाया, काही दरवर्षी जाणाऱ्या, काही मागे गाव सांभाळणाऱ्या. सामान कसं बांधायचं यावर आम्ही आज बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? गाठोडी बांधायची आणि टाकायची. पण फडावर गेल्यावर जी अडचण होते, तिचं मूळ बऱ्याचदा या बांधाबांधीत असतं. ट्रॉली रात्री निघते. कधी सामान पुढे जातं आणि बायका-पोरं मागून जीपने येतात. कधी वाटेत पाऊस गाठतो. कधी एका तळावर उतरायचं म्हणून निघालो आणि पाठवलं दुसरीकडेच, असंही होतं. अशा वेळी रेशनकार्ड तळाच्या पेटीत आणि पेटी दुसऱ्या गावाला असेल, तर काय करायचं?

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. बांधायला बसण्याआधी घरातल्या वस्तूंचे तीन ढीग करा. जे चार दिवस उशिरा मिळालं तरी चालेल, ते ट्रॉलीत. जे हरवलं तर हंगाम अडेल, ते आपल्या पिशवीत. आणि ज्याचं तिकडे काही काम नाही, ते घरी.

आधी पिशवीचं बोलू. जाड कापडाची, खांद्याला अडकवता येईल अशी पिशवी शिवा. आत प्लॅस्टिकची एक पिशवी ठेवा, म्हणजे कागद भिजणार नाहीत. ही पिशवी गाडीत टाकायची नाही, नवऱ्याच्या मित्राकडे द्यायची नाही. ती बाईच्याच खांद्याला.

तिच्यात पहिलं म्हणजे आधार आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड कशाला, तिकडे आपलं दुकान कुठंय, असं बऱ्याच जणी म्हणतात. पण 2019 पासून महाराष्ट्रात 'एक देश, एक रेशनकार्ड' ही सोय सुरू झाली आहे. रेशनकार्डाचा नंबर किंवा आधारचा नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा, की आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही मिळतं, परराज्यातही मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो, तेही सध्या मोफत. सासू-सासरे गावी असतील तर त्यांनी त्यांच्यापुरतं गावात घ्यावं, राहिलेलं आपण तिकडे घ्यावं. फक्त निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्डाला जोडलेलं आहे ना आणि केवायसी झाली आहे ना, हे दुकानदाराकडे विचारून घ्या.

दुसरं, जिला दिवस गेले आहेत तिचं माता-बाल संरक्षण कार्ड. लहान मूल असेल तर त्याचंही. त्या कार्डावर रक्त किती, वजन किती, सुई कधी घेतली, बाळाला कोणता डोस दिला हे सगळं लिहिलेलं असतं. परक्या दवाखान्यात अर्ध्या रात्री नेलं, तर डॉक्टरांना आपली ओळख त्या कार्डावरूनच होते. बाळाचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात, मग नवव्या महिन्यानंतर. पुढची तारीख हंगामात येते का ते निघण्याआधी बघा. आशाताईला आणि अंगणवाडीताईला सांगून निघा, म्हणजे जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव लावायला सोपं जातं. लोहाच्या गोळ्या मागून न्या. बीपीची, साखरेची, फिटची गोळी कुणाला चालू असेल तर किमान महिन्याभराची पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा. मीठ-साखरेची चार पाकिटंही ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं, हे ध्यानात असू द्या.

तिसरं, उचलीची वही. ही सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे ती बहुधा नसतेच. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं. उचल मात्र एकाच्या नावावर, एकाच्या सहीवर, आणि हिशोब मुकादमाच्या डायरीत. अर्धा कोयता आपला आहे, तर हिशोब आपल्यालाही ठाऊक हवा. शाळेची साधी वही घ्या. उचल किती, कोणत्या तारखेला, कुणासमोर, हे पहिल्या पानावर लिहा. पुढे रोज किती टन तोडलं, किती खाडे झाले, मधे खर्चाला किती घेतले, हे लिहीत जा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. हंगाम सरताना "अजून एवढे फिटायचे आहेत" असं कुणी म्हणालं, तर तोंडी वाद घालत बसायला नको. वही उघडून दाखवता येते. आमच्या गटात एकीने वही दाखवली आणि तिचे बावीस दिवसांचे टन हिशोबात धरले गेले. भांडावं लागलं नाही.

चौथं, बँकेचं पासबुक. एटीएमचा आकडा मात्र कागदावर लिहून कार्डासोबत ठेवू नका. पाचवं, पोरांच्या शाळेचे कागद. शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते मागून घ्या. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या पोराला, दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कागद नसला तरी पोराला शाळेत न्यायचंच.

या सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि गावी राहणाऱ्या एका भरवशाच्या बाईच्या मोबाईलवरही पाठवा. आपला फोन उसात पडला, भिजला, तरी कागद तिच्याकडे राहतात.

आता ट्रॉली. जड सामान खाली आणि मधोमध: धान्याची पोती, पेटी, हंडे. एका बाजूला भार झाला की वळणावर ट्रॉली कलंडते. हलकी गाठोडी वर. कोपीचे बांबू आणि ताडपत्री मात्र सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूला ठेवा. उतरल्या उतरल्या पहिलं काम कोपी उभी करायचं असतं, आणि तीच जर पोत्यांखाली असेल तर लेकरं उघड्यावर बसतात. त्या रात्रीपुरता तवा, पीठ, काडेपेटी, बॅटरी आणि दोन गोधड्या एका वेगळ्या बोचक्यात बांधून वरच ठेवा. कोयत्यांची पाती गोणपाटात गुंडाळून दोराने आवळा. मोकळा कोयता हिसक्यासरशी कुणाच्या पायावर येईल सांगता येत नाही.

गॅसची टाकी नेणार असाल तर रेग्युलेटर काढा, टोपण लावा, टाकी उभी ठेवा आणि दोराने बांधा. डिझेलचं कॅन आणि फवारणीचं औषध धान्याजवळ तर नाहीच, पण लेकरं बसतात त्या ट्रॉलीतही नको.

आणि मैत्रिणींनो, माणूस म्हणजे सामान नव्हे. गाठोड्यांच्या ढिगावर, लेकरू मांडीवर घेऊन, रात्रभर ट्रॉलीच्या वर बसून जाणं आपल्याला सवयीचं झालं आहे. पण माल वाहणारी गाडी माणसं न्यायला नसते. अपघात झाला तर जीव जातोच, आणि वर बसलेल्यांना विम्याची भरपाई मिळवतानाही अडचण येते. ठरवतानाच मुकादमाला सांगा, बायका-पोरांना जीप किंवा एसटी हवी. एकटी बोलली तर ऐकत नाहीत, टोळीतल्या सगळ्या जणी मिळून बोला. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी आहे का, हेही बघा. नसली तर लावल्याशिवाय निघायचं नाही. तिकडे कुणाला काही झालं तर 108 ला फोन लावा. बाळंतपणासाठी 102 आहे.

आता तिसरा ढीग, घरी राहणारा. सातबारा, घराचे कागद, दाखल्यांच्या मूळ प्रती, सोनंनाणं हे फडावर नेऊ नका. कोपीला कुलूप नसतं. आई, बहीण किंवा बँक, जिथे भरवसा असेल तिथे ठेवा. थोरली पोर "सांभाळायला" म्हणून सोबत घेतली जाते, तिचाही विचार इथेच करा. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर तिचं नाव आधी लावा. तिचं दप्तर ट्रॉलीत चढलं नाही, तर तिचं वर्ष वाचतं.

शेवटी काय काय नेलं याची यादी करा. एक आपल्या पिशवीत, एक गावी. पोती किती, भांडी किती, शेळ्या किती. उतरताना मोजायला सोपं जातं, आणि हंगाम संपून परतताना तर फारच.

हे एकटीने होत नाही. म्हणून प्रत्येक गटाने ट्रॉली यायच्या आठ दिवस आधी एक बैठक घ्यावी. जाणाऱ्या बायांनी आपापली पिशवी घेऊन यावं, राहणाऱ्यांनी ती उघडून एकेक कागद बघावा. ज्याची केवायसी राहिली, ज्या बाळाचा डोस राहिला, जिच्या वहीचं पहिलं पान कोरं आहे, ते त्याच आठवड्यात उरकून घ्यावं. ट्रॉली दारात आल्यावर मग फक्त गाठोडी चढवायची राहतात.

जाणाऱ्या सगळ्या जणी सुखरूप जा, सुखरूप या. नमस्कार.