मुलांचं दुःख आणि आपल्या गोष्टी

(अंगणवाडी सेविका आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी मुलुंड येथे झालेल्या एका शिबिरातील भाषणाचा मजकूर)

वस्तीत एखाद्या घरात मृत्यू झाला की आपल्याला कशाकशासाठी धावावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दवाखान्याचे कागद, पंचनामा, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, खोली बाईच्या नावावर व्हावी म्हणून खटपट. या सगळ्या धावपळीत घरातलं चार-पाच वर्षांचं पोर शेजारणीकडे बसवलेलं असतं. हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर मोबाईल. 'लहान आहे, त्याला काय कळतंय!' असं जो तो म्हणतो. आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. आणि आपल्याकडे कुठलाही खर्च न करता उपलब्ध असलेली दोन साधनं, म्हणजे गोष्ट आणि सिनेमा, या मुलांसाठी कशी वापरता येतील त्याबद्दल.

आपल्या उपनगरांत मृत्यू काही दूरची गोष्ट नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. जुलै २००० मध्ये घाटकोपरलाच दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २०२० आणि २०२१ ची कोविडची वर्षं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यात तर मुलांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून सतरा जण गेले. हे झाले पेपरात आलेले मृत्यू. टीबीने, दारूने, बाळंतपणात, भाजून झालेले मृत्यू पेपरात येत नाहीत. पण त्या प्रत्येकामागे लहान मुलं असतात.

आता मुलांना काय कळतं? साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मरण म्हणजे कायमचं, हे उमगत नाही. गेलेलं माणूस परत येईल असं त्याला वाटतं. म्हणून बाबांचे दिवस झाल्यावरही पोरगं संध्याकाळी दाराशी जाऊन उभं राहतं. हंगेरीतल्या मारिया नॅगी या अभ्यासक बाईंनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून या विषयावर लिहिलं, ते १९४८ साली प्रसिद्ध झालं. लहान मुलं मरणाला एक प्रकारची झोप किंवा प्रवास समजतात, असं त्यांना दिसलं. पुढे सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना कळू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबलेलं असतं आणि मरण सगळ्यांनाच असतं.

दुसरी गोष्ट, लहान मुलाला जगातलं सगळं आपल्यामुळे घडतं असं वाटतं. 'मी आईला त्रास दिला म्हणून ती आजारी पडली', 'मी बाबांवर रागावलो होतो म्हणून ते गेले' हे ओझं मूल मनात घेऊन बसतं आणि कुणाला सांगत नाही. तिसरी गोष्ट, मुलं दुःख तुकड्या-तुकड्याने करतात. आता रडलं आणि पाच मिनिटांनी लगोरी खेळायला गेलं. 'याला काही वाटतच नाही' असं मोठी माणसं म्हणतात, पण त्याला झेपेल तेवढंच ते एका वेळी घेतं. झोपेत अंथरूण ओलं होणं, पुन्हा अंगठा चोखणं, आईचा पदर न सोडणं, शाळेत मारामारी, हीसुद्धा दुःखाचीच रूपं आहेत.

आपण मुलांना काय सांगतो ते आठवून पाहा. 'बाबा गावाला गेलेत.' मग ते मला न सांगता कसे गेले? 'आई झोपली आहे.' मग मूल रात्री झोपायला घाबरतं. 'देवाला आवडली म्हणून नेली.' मग ते देवावर चिडतं, किंवा आता मलाही नेईल म्हणून भितं. खोटं बोलण्यात आपला हेतू चांगला असतो, पण खरं काय ते मुलाला कधीतरी गल्लीतल्या पोरांकडून कळतंच, आणि मग घरातल्यांवरचा विश्वासही जातो. म्हणून साध्या शब्दांत सांगावं. 'बाबा मेले. त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तुला मी सांभाळणार आहे.' हे एकदा सांगून भागत नाही. मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, आणि आपण तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचं.

मैत्रिणींनो, यात आपल्या चळवळीचा प्रश्न कुठे येतो? बाप गेल्यावर त्या घरातलं मूल काय पाहतं? चार बायका आईला धरून तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. बाप गेल्याच्या धक्क्यात आईवर होणारा हा हिंसाचार ते कोपऱ्यातून पाहतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं परिपत्रक काढलं. शहरातल्या आपल्या वस्त्यांत असा ठराव करायला ग्रामपंचायत नाही. तो आपल्या गटांनीच करायचा आहे. बायकांसाठी तर तो हवाच, पण मुलांसाठीही हवा.

मग येतात ती वाक्यं. मुलाला, 'आता तूच घरातला पुरुष, रडायचं नाही.' आई गेलेल्या मुलीला, 'आता तूच भावंडांची आई.' सात वर्षांचा मुलगा रडणं गिळतो आणि नऊ वर्षांची मुलगी शाळा सोडून चुलीपुढे बसते. मुलीला स्मशानात नेत नाहीत, अग्नी देऊ देत नाहीत, दहाव्याला कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसांत तिला जागा नसते. निरोप घ्यायचा हक्कही मुलगा-मुलगी पाहून वाटला जातो. तिला यायचं असेल तर आधी काय दिसेल ते सांगून, जबाबदार माणसाचा हात धरून तिला नेता येतं. नको म्हणाली तर ओढून न्यायचं नाही.

आता गोष्टींकडे वळते. गोष्टीचा मोठा फायदा असा की मुलाला स्वतःबद्दल बोलावं लागत नाही. ते गोष्टीतल्या पाखराबद्दल बोलतं आणि आपल्याला त्याच्या मनातलं कळतं. काऊ-चिऊची गोष्ट आपल्या प्रत्येक बालवाडीत आहे. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि चिमणी दार उघडत नाही. ही गोष्ट आपण हसत हसत सांगतो, पण घर गेलेल्या, कुणी आत न घेतलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. मुलांना विचारा, 'कावळ्याला पावसात काय वाटलं असेल? कुणी दार उघडलं असतं तर?' ज्याचं घर विस्कटलंय ते मूल बरोबर बोलतं, किंवा चित्र काढतं, किंवा मातीचं घर करून पाडतं. त्याला पाडू द्या.

मोठ्या मुलांसाठी 'श्यामची आई' आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. श्याम आपल्या गेलेल्या आईच्या आठवणी रोज रात्री थोड्या थोड्या करून मित्रांना सांगतो, रडतो, आणि मित्र ऐकतात. दुःख असंच सांगायचं असतं, ऐकणारी माणसं मिळाली की रोज थोडं. मुलगा रडतो आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही, हेही मोलाचं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण आपल्याला एक सावधगिरी हवी. सगळं सोसणारी, झिजणारी आई हीच खरी आई, असा अर्थ त्यातून निघतो. जिची आई चिडायची, मारायची, किंवा घर सोडून गेली होती, त्या मुलीला हे पुस्तक वाचून आपली आई कमी वाटायला नको. 'तुझी आई कशी होती? तिला कशाचा राग यायचा?' असं विचारून खऱ्या बाईची आठवण जागी ठेवा.

सिनेमात अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ साली आला. वडील गेल्यावर चिन्मय आणि त्याची सरकारी नोकरी करणारी आई कोकणात बदलीच्या गावी येतात. मुलगा गप्प, आई स्वतःच्या दुःखात आणि कामात, दोघांचं एकमेकांशी नीट बोलणंही होत नाही. हा सिनेमा मुलांइतकाच आयांना दाखवण्यासारखा आहे. परेश मोकाशींच्या २०१४ च्या 'एलिझाबेथ एकादशी'त पंढरपूरच्या घरात वडील नाहीत, पण त्यांनी बनवलेली सायकल आहे. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जप्त होतं आणि सायकल विकायची वेळ येते. गेलेल्या माणसाची वस्तू मुलाला काय असते आणि विधवा बाईच्या घरात पैशाचं काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. वडिलांचा शर्ट, टिफिन, चपला घाईने वाटून टाकू नका, हे घरच्यांना सांगायला हा सिनेमा कामी येतो. १९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये बापाच्या मरणाला तूच जबाबदार, असं काका छाव्याच्या मनात भरवतो आणि ते पोर पळून जातं. 'माझ्यामुळे झालं' हे ओझं मुलांना यातून चटकन कळतं. मात्र बापाच्या मरणाचा प्रसंग भयंकर आहे, तो लहानांना एकटं बसवून दाखवू नये.

अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदाराचं काम करणारे नट विल ली १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस आणला नाही. १९८३ साली त्यांनी सरळ भाग केला: दुकानदार मेले, ते परत येणार नाहीत, आम्हाला वाईट वाटतं. आजारपण किंवा दवाखान्याचं कारण त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही, कारण मग दवाखाना म्हणजे मरण असं मुलांना वाटलं असतं.

दाखवताना काही पथ्यं पाळावी लागतात. सिनेमा आधी आपण पूर्ण पाहावा. पाच वर्षांखालच्यांना सिनेमापेक्षा गोष्ट, बाहुल्या आणि चित्रंच बरी. मोठ्यांनाही पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा पुरतो. मुलांची संख्या आठ-दहाच्या वर नको. मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं, पण एक कार्यकर्ती त्याच्याबरोबर जावी. संपल्यावर 'यातून काय शिकलात' हा प्रश्न विचारू नये, बोध सांगू नये. मृत्यू होऊन आठवडाही झाला नसेल तर सिनेमा नकोच. तेव्हा जेवण, झोप, शाळा आणि ओळखीचं माणूस एवढंच हवं. मोबाईल हातात देऊन मुलाला गप्प बसवणं म्हणजे सिनेमा दाखवणं नव्हे.

एक अवघड प्रसंग आपल्याच कामात येतो. आईचा मृत्यू सासरी संशयास्पद झालाय, बाप कोठडीत आहे, मूल आजीकडे आहे आणि त्याने कदाचित सगळं पाहिलंय. अशा मुलाला घडलेल्या प्रसंगासारखी गोष्ट सांगू नका, त्याच्या तोंडी शब्द घालू नका, खोदून विचारू नका. कायद्यात साक्षीदाराला किमान वयाची अट नाही. मुलाची साक्ष होऊ शकते, आणि ती पढवलेली आहे असं म्हणायला समोरचा वकील टपलेलाच असतो. ते आपणहून बोललं तर ऐका, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि वकिलाला कळवा. सोबतीला त्याच्याशी खेळा, त्याला आवडेल ती दुसरी गोष्ट सांगा.

गोष्टीने सगळं होत नाही, हेही ध्यानात ठेवू या. मूल अनेक आठवडे खात नसेल, शाळेला जातच नसेल, 'मला आईकडे जायचंय' म्हणून स्वतःला इजा करत असेल, तर पालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायला हवं. १४४१६ हा टेलि-मानसचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक प्रत्येकीच्या वहीत असू द्या. राज्याच्या बालसंगोपन योजनेचा अर्जही त्याच वेळी भरून घ्या. घरात पैसा नसेल तर मुलीची शाळा सुटते, आणि शाळा म्हणजे त्या मुलीचं उरलेलं ओळखीचं जग असतं.

शेवटी एक सूचना. प्रत्येक गटाने एक पेटी तयार करावी. त्यात दहा-बारा गोष्टी, कापडी बाहुल्या, खडू, कोरे कागद. वस्तीत मृत्यू झाला की दोघी जणी कागदपत्रांसाठी जातील, तशी तिसरी त्या घरातल्या मुलांसाठी जाईल. कुणी जायचं ते आजच्या शिबिरातच गटागटाने ठरवू या, आणि तीन महिन्यांनी भेटू तेव्हा कुठली गोष्ट मुलांना जवळची वाटली, कुठली नाही, हे एकमेकींना सांगू या.