कोलारची खाण पुन्हा उघडावी काय?



आम्ही विषय कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विचारले, की महाराष्ट्रात प्रश्न संपले काय, म्हणून आपण कर्नाटकातल्या खाणीवर बोलणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका सालात आहे. कोलारची सोन्याची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. त्याच 2001 साली मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचा नियम बदलला. 1991 च्या नियमाप्रमाणे बंद गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरबांधणीला आणि एक मालकाला, अशी वाटणी होती. नव्या नियमाने ती वाटणी फक्त उघड्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली. पुढे 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. आम्ही गिरणगावातली माणसे. बंद पडलेले काम पुन्हा सुरू होणार असे कोणी म्हणाले, की आमचे कान टवकारतात. आणि लगेच मनात येते, की हा गृहस्थ कामाबद्दल बोलतो आहे की जमिनीबद्दल? ही खोड घेऊनच आम्ही कोलारला गेलो. सोबत धारावीतले एक जुने तमिळ सोबती दुभाषी म्हणून होते, कारण त्या गावाची बोली तमिळ, आणि आम्हाला तमिळ ‘वणक्कम्’पलीकडे येत नाही.

आपल्यापैकी तरुण मंडळींना ‘केजीएफ’ हे नाव 2018 च्या चित्रपटामुळे ठाऊक असेल. तो चित्रपट बाजूला ठेवावा. खरी हकिगत अशी. 1880 नंतर जॉन टेलर आणि मंडळी या इंग्रजी कंपनीने येथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. खाणीच्या यंत्रांसाठी 1902 साली कावेरीवरच्या शिवसमुद्रम्हून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून वीज आणली. बंगळूर शहराला वीज मिळाली ती नंतर, 1905 साली. पुढे चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होई. इतक्या खोलीवर खडक स्वतःच साठ अंशांच्या वर तापलेला असतो. वरच्या डोंगराएवढ्या भाराने तो दाबलेला असतो, आणि कोरता कोरता एखाद्या क्षणी तोफेसारखा फुटतो. या फुटण्याने किती पाळ्या घरी परतल्या नाहीत, ते तेथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. आमच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच खाणीच्या पोटात उपकरणे मांडून 1965 साली वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला. एवढ्या खोलीवर उपकरणे मांडता आली, कारण खाली जाण्याची वाट मजुरांनी आधी खणून ठेवली होती. विज्ञानाच्या पुस्तकात ही गोष्ट सहसा सापडत नाही, म्हणून येथे सांगितली.

हे मजूर कोण? बहुतेक उत्तर अर्काट, चित्तूर या बाजूंनी दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने बाहेर पडलेले तमिळ अस्पृश्य समाजाचे लोक. गावच्या सावकाराच्या वेठीपेक्षा खाणीचा पिंजरा बरा, असा तो हिशेब होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच मारीकुप्पम् येथे त्यांच्यात बौद्ध चळवळ रुजली, म्हणजे आपल्याकडच्या 1956 च्या कितीतरी आधी. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले होते, आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. आरुमुगम तेथून विधानसभेवर निवडून आले. कामगार म्हणूनही ही माणसे कोणाला वाकणारी नव्हती. 1930 साली कंपनीने प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेण्याचा हुकूम काढला. आम्ही गुन्हेगार नव्हे, असे सांगून त्यांनी एकवीस दिवस काम बंद ठेवले. 1946 च्या संपाच्या वर्षी नोव्हेंबरात गोळीबार झाला आणि सहा कामगार पडले. 1956 साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, 1962 साली त्या केंद्राकडे गेल्या, 1972 साली भारत गोल्ड माइन्स ही कंपनी झाली. या सर्व काळात दगडातले सोने मात्र आटत चालले होते. आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर मिळत असे, शेवटी तीन-चार ग्रॅमवर आले. एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोने देऊन खाण तोट्यात गेली, आजारी उद्योगांच्या यादीत पडली आणि बंद झाली. शेवटच्या दिवशी पटावर चार हजारांच्या आत माणसे होती.

आता मुख्य प्रश्न. खाण पुन्हा उघडावी असे गावाला वाटते काय?

वरवर पाहिले तर सगळे गाव ‘होय’ म्हणते. रॉबर्टसनपेठेतला दुकानदार तर प्रश्न पुरा होण्याआधीच होय म्हणतो. परंतु चार दिवस घरोघर बसल्यावर आमच्या ध्यानात आले, की या एका होकारात निदान चार निरनिराळी उत्तरे आहेत, आणि त्यांतली दोन एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

एक निवृत्त खाणकामगार भेटले. खाली लाकडाचे टेकू लावण्याचे त्यांचे काम. खाण उघडावी असे ते म्हणाले. पण मुलाला काम मिळावे हा त्यांचा मुद्दा नव्हता. मुलगा बंगळुरात नोकरीला आहे आणि सुखी आहे. त्यांचे म्हणणे असे, की कोणत्या मजल्यावरचा कोणता बोगदा कच्चा, कोठे खडक आवाज करतो, कोठे पूर्वी पाणी फुटले होते, हे नकाशावर थोडे आणि माणसांच्या डोक्यात फार आहे. ती माणसे वर्षाला दहा-वीस अशी चालली आहेत. उद्या नवा इंजिनिअर आला तर तो कोणाला विचारणार? बावीस-तेवीस वर्षांत एकाही सरकारी माणसाने त्यांच्यापुढे वही ठेवून हे लिहून घेतले नाही. या माणसाचा होकार म्हणजे, आम्हाला विचारा, एवढाच आहे.

दुसरे घर एका विधवेचे, सायनाइडच्या डोंगराच्या पायथ्याशी. हे डोंगर देवाने केलेले नाहीत. वर आणलेला दगड दळून पीठ करायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातले सोने विरघळवून काढायचे, आणि उरलेली वाळू बाहेर टाकायची, असे शतकभर चालले. त्यातून असे तेरा ढीग उभे राहिले. सगळे मिळून तीन कोटी तीस लाख टनांच्या आसपास. आषाढात वारा सुटला की ही पिठासारखी वाळू घरात, डब्यात, अंथरुणात येते. बाईंचा नवरा खाणीच्या धुळीने फुप्फुसे दगडावून गेला. डोंगर हलवा, असे त्या म्हणतात, आणि तो ढवळू नका, असेही त्याच म्हणतात. आमच्याबरोबरच्या एका शिकलेल्या गृहस्थांना याची गंमत वाटली. आम्हाला त्यात गंमत काही दिसली नाही. ज्याच्या दारात ढीग आहे त्याला तो जायला हवा असतो, आणि नेताना उडणारी धूळ पुन्हा आपल्याच छातीत जाणार हेही त्यालाच कळते.

तिसरे उत्तर पहाटे आगगाडीत मिळाले. मारीकुप्पम्हून बंगळुरास जाणाऱ्या गाड्यांत हजारो माणसे रोज दाटीवाटीने जातात, जाऊन-येऊन चार तासांहून अधिक मोडतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी एक मुलगी म्हणाली, की खाणीत आम्हाला कोठे घेणार? तिचे बरोबर होते. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूगर्भात कामास बंदी होती. 2019 साली केंद्राने ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती सैल केली. यंत्राशी किंवा शिवणीशी बसणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग थोडा होता. तिला खाण नको, दोन तास जवळचे काम हवे. पण पत्रकाराने विचारले तर तीही ‘होय’ म्हणेल, कारण ‘नाही’ म्हटले की गावद्रोही ठरतो.

चौथे उत्तर घराच्या कागदाचे आहे. खाणीच्या लायनीतली घरे, थकलेल्या रकमा, यांचे प्रश्न बंदनंतर वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. कंपनीकडे सुमारे बारा हजार एकर जमीन होती. खाण उघडणार असे ऐकले की काहींना आशा वाटते, की आता तरी कचेरी उघडेल आणि आपला कागद मिळेल. काहींना धास्ती वाटते, की याच निमित्ताने लायनी पाडतील. गिरणगावातल्या चाळींत आम्ही हेच दोन्ही सूर एकाच जिन्यावर ऐकले आहेत.

आता, उघडणार म्हणतात ते काय, हे नीट पाहू. 2024 च्या जूनमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने केंद्राच्या एका प्रस्तावास संमती दिली. वर्तमानपत्रांनी ‘कोलारची खाण पुन्हा सुरू’ अशा थाटात ती छापली. वास्तविक तो प्रस्ताव तेरा ढिगांचा, हजार एकरांवरच्या टाकाऊ वाळूचा होता. त्या वाळूत टनामागे एक ग्रॅमच्याही आत सोने आहे. अर्धा-पाऊण ग्रॅम धरले तरी सगळ्या ढिगांत मिळून वीस टनांच्या आसपास निघेल. 2001 साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजार रुपयांच्या आसपास होते, 2025 साली त्याने एक लाख ओलांडले. तेव्हा काल जो कचरा होता तो आज माल झाला, यात नवल नाही. पण हे काम खोदयंत्रे, मालमोटारी आणि टाक्या यांचे आहे. त्याला माणसे थोडी लागतात, आणि जी लागतात ती कंत्राटदार आणतो. भूगर्भातली खाण वेगळी. पंप थांबल्यापासून ती पाण्याने भरली आहे. ते पाणी उपसणे, ते कोठे सोडायचे ते ठरविणे, कुजलेले टेकू आणि गंजलेले पिंजरे बदलणे, हवा खाली पोहोचविणे, ही वर्षांची आणि प्रचंड पैशाची कामे आहेत. भूमिगत सोन्याची खाण आपल्या देशात चालतच नाही असे नव्हे. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण कर्नाटक सरकारची कंपनी चालवीत आली आहे. पण हट्टीचे काम चालू राहिले, कोलारचे तुटले.

म्हणून गावाने ‘खाण’ या शब्दाला होकार द्यायचा आणि पदरात ढीग उपसण्याचे कंत्राट पडायचे, अशी फसगत होण्याचा धोका आहे. आमचा आक्षेप ढीग उपसण्याला नाही. धूळ जाणार असेल तर ते जरूर उपसावे. शब्दाच्या अदलाबदलीला आमचा आक्षेप आहे.

कामगारांनी स्वतः काही केले नाही, असे कोणी म्हणू नये. बंदनंतर त्यांच्या संस्थांनी खाण आपल्याला द्या, आम्ही चालवतो, अशी मागणी केली; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2013 साली जागतिक निविदेचा मार्ग मोकळा झाला. जगाच्या बाजारात बोली लावायची तर तिजोरी लागते, आणि यांच्यापाशी होती ती तीन किलोमीटर खोलीची माहिती. निविदेच्या कागदात तिच्यासाठी रकाना नसतो. तेथल्या युनियनांत फूट किती हे विचारू नका. आमच्याकडे मोजली तर आम्हालाच लाज वाटेल.

भुकेने काय होते याचा एक दाखला देतो. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, काही माणसे बंद खाणीच्या विवरात चोरून उतरली, आणि त्यांतली तिघे खाली गुदमरून मेली. जिवंत खाणीत हवा खेळवायला पंखे असतात, उतरण्यापूर्वी वायू तपासतात, वर हजेरी असते. बंद खाणीत यांपैकी काहीच नसते. उघडू नये म्हणणाऱ्या सज्जनांनी हेही लक्षात घ्यावे, की खाण नुसती बंद ठेवल्यानेही माणसे मरतात. विवरांची तोंडे पक्की बुजविणे, ढिगांवर गवत-झाडे धरविणे, जुन्या कामगारांच्या छातीची तपासणी करणे, ही कामे उघडण्या-न उघडण्यावर अवलंबून नाहीत. ती 2001 सालीच करायची होती.

तेव्हा आम्हाला कोणी विचारले तर आमचे मत असे. आधी घरांचे कागद आणि थकलेले पैसे, मग यंत्रे. ढीग उपसायचे तर ओले करून, झाकून न्यावेत, वाऱ्याच्या महिन्यांत काम थांबवावे, आणि धूळ मोजण्याचे यंत्र गावाच्या ताब्यात असावे, कंत्राटदाराच्या नव्हे. भरती कंपनीच्या पटावर व्हावी, पहिला हक्क जुन्या कामगारांच्या मुलांचा, आणि मुलींचाही. भूगर्भाचे म्हणाल तर जुन्या माणसांजवळची माहिती लिहून घेण्यास उद्यापासून आरंभ करावा. खाण उघडो वा न उघडो, विवर बुजविणाऱ्यालाही ती लागणारच.

एक बारीक गोष्ट सांगून थांबतो. 2006 च्या अधिसूचनेने मोठ्या खाणकामाला मंजुरी देण्याआधी जनसुनावणीची पद्धत घालून दिली आहे. अशा सुनावण्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. नोटीस इंग्रजी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची. कोलारात अकरा वाजता निम्मे कमावते गाव बंगळुरात असते. तेथे सुनावणी घ्यायचीच असेल तर नोटीस कन्नडबरोबर तमिळमध्येही लायनीलायनीत वाचून दाखवावी, आणि सुनावणी रविवारी घ्यावी.