पोतं कुठं उतरवायचं?

(वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत बोललो ते. नंतर लिहून काढलं. दोन शिव्या गाळल्यात, बाकी तसंच ठेवलंय.)



मला भाषण येत नाही. मी गोदीत ठेकेदाराकडं माल चढवतो-उतरवतो आणि रात्री कविता लिहितो. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि पाठीवर घेतलेलं जास्त, असंच बोलणार.

गोदीत मालाची टॅली दोनदा होते. एकदा जहाजापाशी, एकदा शेडमध्ये. आकडे जुळले नाहीत तर बोंब उठते, मुकादमाच्या बापालाही सोडत नाहीत. पूरग्रस्तांच्या ट्रकची टॅली मात्र एकदाच होते, भरताना. तिथं बॅनर असतो, नारळ असतो, कॅमेरा असतो. उतरताना कोण मोजतो?

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगा फुगल्या, सांगली-कोल्हापूर बुडालं. चार लाखांवर माणसं घरातून हलवावी लागली. सरकारनं हुकूम काढला : दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलेल्या कुटुंबाला दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. म्हणजे दीड दिवस बुडालेल्याची भूक भूक नाही! आणि इचलकरंजीकडं त्या धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्याचा नि आमदाराचा फोटो चिकटवलेला. हे सगळं पेपरात आलं, ओरड झाली. त्यावर मी वेळ घालवत नाही. मला आपल्याबद्दल बोलायचंय.

आमच्या झोपडपट्टीनं दिलं. ज्या बाया संध्याकाळी पाव किलोनं तांदूळ आणतात, त्यांनी मूठ-मूठ ओतली. एका मंडळानं ट्रक दिला. मी दोन दिवसांचा खाडा केला, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, आणि ट्रकवर बसलो. महामार्ग नुकताच सुरू झाला होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते गाव एकच नाही.

ट्रक चौकात थांबला. पांढऱ्या कपड्यातले चार जण पुढं आले. गोड बोलले. चहा दिला. “पाव्हणं, लांबनं आलाय. हितंच उतरवा, यादी तयार हाय, आमी वाटतो.” मी पोतं पाठीवर घेतलं आणि उतरवलं. एकामागून एक, सत्तर पोती. उतरव म्हटलं की उतरवायचं, ही पाठीला लागलेली सवय. कुठं, कुणासाठी, हे विचारायचं पाठीला कुणी शिकवलंच नव्हतं. यादी मी वाचली नाही. मॅट्रिक झालेल्या माणसानं यादी वाचली नाही!

लघवीला म्हणून ओढ्याकडं गेलो, तेव्हा वस्ती दिसली. बौद्धांची वीस-पंचवीस घरं, पलीकडं मातंगांची. गावाच्या उतारावर, म्हणजे पाणी पहिलं तिथं शिरलं आणि शेवटी तिथनं निघालं. भिंती बसलेल्या. एक म्हातारी चिखलातनं भांडी वेचत होती. मी सांगितलं, चौकात धान्य आलंय. ती हसली. म्हणाली, “तिथलं हितं येत न्हाई, लेका. परवाबी दोन गाड्या आल्या.” माझ्या पिशवीत पिठाचा पुडा होता, तो दिला. तर म्हणते, “पीठ दिलंस, भाजू कशावर? चूल गेली, तवा गेला, जळान भिजलं.”

आम्ही मुंबईहून सत्तर पोती आणली. तवा एकही नाही.

परत चौकात आलो तेव्हा पोती सोसायटीच्या गोडाऊनमध्ये गेली होती. मी भांडलो. मंडळाचा पोरगा म्हणाला, “अरे, अशा वेळी जात नको काढूस.” जात मी काढली? ती यादीत होती, मी फक्त उशिरा वाचली. शेवटी सहा पोती सुटली. सहा.

आता कुणी म्हणेल, एका गावावरनं काय बोलतोस. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तमिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं नागपट्टिनम जिल्ह्यात मेली. तिथल्या छावण्यांत दलितांना वेगळं काढलं, पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या. प्रेतं उचलायला मात्र सफाई कामगार आणले, ते बहुतेक आपलेच. शेतमजुराची ना बोट बुडाली ना जाळं, मग नुकसान कसलं? खाऱ्या पाण्यानं शेत मेलं की मजुरी मेली, हा हिशेब भरपाईच्या कागदात बसत नाही. आपल्याकडंही पिकाच्या भरपाईला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर फक्त हातपाय, त्यानं काय दाखवायचं?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. अमेरिकेतनं आलेली लाल मिलो ज्वारी तिनं खाल्ली, कामावर सुकडी खाल्ली. चव आठवली की अजून तोंड वाकडं करते. पण म्हणते, घाम गाळून खाल्लं, कुणापुढं पदर पसरला नाही. तिचं सगळंच मला पटत नाही, घाम न गाळणाऱ्या लेकराचाही पोटावर हक्क आहे. पण पदर पसरायला लावणारी मदत कशी दिसते, ते मी चौकातल्या रांगेत पाहिलं. एक बाई पुडा हातात घेऊन उभी होती आणि फोटोवाला म्हणत होता, जरा वर बघा.

जुलै २०२१ ला महाड बुडालं. १९२७ साली ज्या गावात ओंजळभर पाण्यासाठी लढावं लागलं, तिथं पाणी घराघरात घुसलं. या वेळी आम्ही सात जण ट्रकच्या आधी गेलो. वही घेऊन. सगळ्यात खालच्या घरापासनं चढत गेलो : माणसं किती, तान्हं आहे का, चूल आहे का. मग फोन केला आणि ट्रक भरला. तांदळाबरोबर स्टोव्ह, पातेली, तवे, चिखल काढायला फावडी. तरी चुकलो. डोंगराच्या अंगाची आदिवासी वाडी वहीत आलीच नाही, कारण आम्हीही डांबरी रस्ता सोडला नाही. चौकातल्या त्या चार जणांत आणि आमच्यात त्या दिवशी फरक किती होता, हे मी अजून मोजतोय.

वही इथं आणलीय. मागची पानं कोरी आहेत. पुढच्या पावसाळ्यात ज्याला यायचंय त्यानं नाव आणि फोन लिहावा, किती दिवसांचा खाडा परवडेल तेही लिहावं. खोटं लिहू नका. कुणाच्या घरी जुना तवा असेल तर आजच द्या. माझी उद्या पहिली पाळी आहे, मला निघायला हवं.