तो आवाज मला ऐकू आला नव्हता

मी जबलपूरच्या रांझीत राहतो. नोकरी तोफखान्यात झाली, त्यामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज माझ्या कानांना कळत नाहीत. तरी निवृत्तीनंतर पक्षी पाहणाऱ्यांबरोबर डुमना नेचर रिझर्व्हमध्ये जाऊ लागलो.

तिथं पक्षी आधी कानानं ओळखतात. हिवाळी पाहुणा पर्णवटवट्या पानांआडून नुसता चिवचिवतो. फेब्रुवारीतल्या गणनेत सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. माझ्या यादीत तो चढला. रात्री झोप येईना. न पाहिलेलं ‘पाहिलं’ असा रिपोर्ट मी माझ्या जवानाकडून कधी खपवून घेतला नसता.

पुढच्या रविवारी आमच्या मार्गदर्शकाला सांगून टाकलं. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं नोंद काढली आणि मला खंदारी जलाशयाकडे नेलं. “सर, तुम्ही बदकं मोजा.” (काठापासून लांबच बसतो, पाण्यात मगरी आहेत.) आधी दहा बदकं नीट मोजायची, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जायचे. अंतराचे अंदाज बांधण्यातच आयुष्य गेलेलं; हे जमलं.

पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणि कुरुवि’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. त्याची दोन सुरांची शीळ मला अजून ऐकू येते. यंदा आमच्या गटात ती पहिल्यांदा मीच टिपली. शेजारी उभ्या बायकोला विचारून खात्री केली, मगच लिहिली.