दवाखान्याचा हिशेब, ग्रामसभेचा सवाल

पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘दवाखान्यात गोळ्याच नाहीत’ आणि ‘सरकारचा पैसा जातो तरी कुठं?’ हे विचारायची हक्काची जागा पारापासून चार पावलांवर आहे, ती म्हणजे ग्रामसभा.

आधी निकष पाहू. सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000 आणि 20,000.

2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधीची तरतूद झाली. रक्कम छोटीच, पण तुंबलेलं गटार उपसायला किंवा अडलेल्या बाळंतिणीच्या गाडीभाड्याला ती उपयोगी पडते.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. तरीही औषधाची चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळाली, तर गप्प बसू नका.

पुढच्या ग्रामसभेत हात वर करून एवढंच विचारा: समितीचा निधी किती आला आणि कशावर खर्च झाला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.