भोक असलेल्या वाटीचं कोडं

जुन्या वाड्याच्या माळ्यावर कधी तांब्याची एक पातळ वाटी सापडते. बुडाशी मधोमध बारीकसं भोक. फुटकी समजून ती मोडीत घालू नका! भोकाच्या कडा नीट पाहा. भोक गोल, नेटकं असेल, तर ते मुद्दाम पाडलेलं असणार. आता वाटी पाण्यावर ठेवा. पाणी हळूहळू आत चढतं आणि वाटी बुडते. हे घटिकापात्र! ते बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटिका, २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा ६० घटिका. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधत.

अनोळखी वस्तू ओळखायची ती अशीच. धातू कोणता, झीज कुठे झाली, हात कुठे बसतो? वर पितळेची मूठ आणि तळाला खरखरीत खाचा दिसल्या, तर ती पाय घासायची वजरी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा घरगुती वस्तूंचा मोठा खजिना आहे, तो जरूर पाहा.

वस्तू चिंच लावून लखलखीत करण्याआधी तिच्यावरचे डाग आणि खुणा टिपून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिचं नाव, वापर लगेच वहीत लिहून ठेवा.