जबड्याचा विसावा



रागावलेला माणूस दांतओंठ खातो, भ्यालेल्याची दांतखीळ बसते, आणि दिवसभर शांत दिसणारे कित्येकजण झोंपेंत करकरा दांत खातात. मनावरचा ताण जबड्यांत उतरतो, ही गोष्ट आपल्या भाषेनें फार पूर्वींच टिपून ठेविली आहे. तो ताण तेथेंच मुक्काम करून राहिला म्हणजे काय होतें, आणि त्यावर दंतवैद्य रात्रीं दांतांवर बसविण्यासाठीं जी लहानशी पट्टी देतात तिच्याशीं कसें जुळवून घ्यावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कानाच्या अगदीं पुढें बोट टेकवून तोंड उघडलें व मिटलें, तर बोटाखालीं कांहीं हललेलें जाणवतें. तोच जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीप्रमाणें तो फिरतो आणि मेजाच्या खणाप्रमाणें पुढें सरकतोही. दोन हाडांमध्यें एक चिवट गादी असते. खालचा जबडा एकसंध असल्यामुळें उजव्या व डाव्या सांध्याला एकमेकांच्या साथीनेंच चालावें लागतें. एक अडखळला कीं दुसऱ्यावर भार पडतो.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं तोंड मिटलें म्हणजे दांतावर दांत टेकलेले असावयाचे. वस्तुतः स्वस्थ माणसाचे ओंठ मिटलेले असतांनाही वरच्या व खालच्या दांतांमध्यें २ ते ४ मिलिमीटर अंतर असतें. तीच जबड्याची विश्रांति. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेल्या आपल्या खासबाग मैदानांत डाव टाकणारा मल्लही जोर लावतांना दांत आवळतो. पण डाव संपला कीं त्याचा जबडा सैल पडतो. कचेरींत हिशेब तपासणाऱ्या किंवा घरची काळजी वाहणाऱ्या माणसाचा डाव मात्र संपतच नाहीं. आवळणें हा रोग नव्हे. सैल न सोडणें हा रोग आहे.

मग सकाळीं उठल्यावर गाल जड वाटतात, कानशिलें ठणकतात, घांस चावतांना कानापुढें कळ येते, जांभई अर्ध्यावर अडते. कान दडपल्यासारखा वाटल्यामुळें रोगी प्रथम कानाच्या डॉक्टरकडे जातो. अमेरिकेंतील सेंट लुई येथील कान-घशाचे डॉक्टर कॉस्टेन यांनीं १९३४ सालीं अशाच रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि हें दुखणें सर्वतोमुखीं झालें. त्यांची कारणमीमांसा पुढें बरीचशी टिकली नाहीं. पण कानाजवळच्या दुखण्याचें मूळ जबड्यांत असूं शकतें, याकडे वैद्यांचें लक्ष वेधलें गेलें तें कायमचें. सांध्यांतून नुसता ‘कट्’ असा आवाज येत असेल, दुखत नसेल व तोंड नीट उघडत असेल, तर मात्र बहुधा औषधोपचाराची गरज नसते.

आतां त्या पट्टीकडे वळूं. इंग्रजींत हिला ‘स्प्लिंट’ म्हणतात. दवाखान्यांत ‘नाइट गार्ड’ हेंही नांव ऐकूं येतें. मोडल्या हाडाला बांधावयाच्या कांबट्यांनाही इंग्रजींत स्प्लिंटच म्हणतात. परंतु दोहोंचें कार्य निराळें. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व मग पट्टीनें बांधावा, असा उपचार सुश्रुतसंहितेंत सांगितला आहे. येथें तसें बांधणें नाहीं. दांतांचा ठसा घेऊन त्यावरून पारदर्शक, कठीण ॲक्रिलिकची ही पट्टी घडवितात. ती एका जबड्याच्या सर्व दांतांवर बसते आणि समोरचे दांत तिच्या गुळगुळीत पाठीवर टेकतात. त्यांना खांचेंत अडकून घट्ट पकड घेतां येत नाहीं, आणि दांतांची झीजही वांचते.

पहिल्या रात्री बहुधा अवघड जातात. तोंडांत परकी वस्तु येतांच लाळ सुटते, ओंठ ताणल्यासारखे वाटतात, ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहींत. कित्येकजण झोंपेंतच ती काढून टाकतात व सकाळीं ती उशाशीं सांपडते. यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. निजण्यापूर्वीं अर्धा तास ती लावून एखादा मजकूर मोठ्यानें वाचावा; आठ-पंधरा दिवसांत तोंड तिला ओळखूं लागतें. सकाळीं पट्टी काढल्यावर कांहीं मिनिटें दांत नेहमींच्या जागीं भेटत नाहींत असें वाटतें, तेंही लौकरच नाहींसें होतें. तें तासन्‌तास टिकलें, किंवा एकाच दांतावर दाब येऊन तो ठणकूं लागला, तर दंतवैद्याला दाखवावें. घरीं कानस घेऊन पट्टी घासूं नये.

जुळवून घेण्याचें काम केवळ रोग्याचें नाहीं. पट्टीलाही रोग्याशीं जुळवून घ्यावें लागतें. दंतवैद्य रंगीत कागद दांतांमध्यें धरून चावावयास सांगतात. जेथें दाब अधिक, तेथें ठिपका गडद उमटतो. तो भाग घासून सर्व दांत सारखे टेकतील असें करतात. पुढच्या खेपेस हे ठिपके हललेले आढळतात, कारण स्नायु सैल पडले कीं जबडा किंचित् निराळ्या जागीं स्थिरावतो. म्हणून ‘पट्टी मिळाली, काम झालें’ असें मानून फेऱ्या चुकवूं नयेत. अशानेंच पुष्कळांच्या पट्ट्या डबींत पडून राहतात आणि दुखणें गालांत राहतें. तिची निगा सोपी आहे: थंड पाण्यानें व मऊ ब्रशानें धुवावी, कढत पाण्यानें ती वांकडी होते. घरीं कुत्रें असेल तर डबी उंचावर ठेवावी, कारण या पट्टीची त्याला विलक्षण गोडी असते.

रात्रीचें काम पट्टी करील. दिवसाचें आपल्यालाच केलें पाहिजे. ओंठ मिटलेले, दांत सुटे, जीभ टाळूला हळुवार टेकलेली, एवढी एकच खूण दिवसांतून अनेकदां आठवावी. आपल्याकडे गुऱ्हाळें सुरू झालीं कीं ऊंस दांतानें सोलून खाण्याचा मोह आवरत नाहीं. दुखणें शमेपर्यंत रसावर समाधान मानावें. पांढरा रस्सा सोडण्याचें कारण नाहीं. भाकरी त्यांत कुस्करून घ्यावी व चिवट हाडूक दुसऱ्यास द्यावें. जांभई आली कीं आपण चुटकी वाजवितों. त्याऐवजीं हनुवटीखालीं मूठ धरावी, म्हणजे जबडा अति उघडत नाहीं. गालांवर ऊन फडक्याचा शेकही सुखावह असतो.

दोन इशारे मात्र विसरूं नयेत. सुपारी, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याचें तोंड हळूहळू कमी उघडूं लागलें आणि तिखटानें आग होऊं लागली, तर तें या सांध्याचें दुखणें नसण्याचाच संभव अधिक. स्वतःच्या हाताचीं तीन बोटें उभीं धरून दांतांमध्यें जातात कीं नाहीं तें पाहावें. जात नसतील तर त्वरित तपासून घ्यावें, कारण त्या विकारांतून पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, तरी हें व्यसन सरलेलें नाहीं. दुसरें असें कीं, जिना चढतांना जबड्यांत कळ येत असेल, छाती दाटून घाम सुटत असेल, तर दंतवैद्याची वाट न धरतां थेट इस्पितळ गांठावें; तो हृदयाचा इशारा असूं शकतो.

या दुखण्यापायीं निरोगी दांत उपटून घेणारे रोगी आढळतात. उपटलेला किंवा कानशीनें घासलेला दांत परत येत नाहीं. पट्टी मात्र केव्हांही काढून ठेवतां येते, हा तिचा मोठा गुण. बहुतेकांना साध्या उपायांनीं कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. तेवढा धीर धरावा, आणि हें भाषण ऐकतांना आपले दांत एकमेकांवर टेकले असतील, तर ते आतांच सुटे करावे.